गोदामातली उमेदवारी : शिक्षण की नुसती हमाली?

गेल्या महिन्यात मातीचे नमुने घ्यायला एका गावी गेलो होतो. काम आटोपून ग्रामपंचायतीच्या ओट्यावर टेकलो, तर एका शेतकऱ्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. म्हणाला, "साहेब, पोट्टा वाडीच्या गोडाऊनात लागला. कंपनीवाले म्हणतात ट्रेनिंग आहे. पण तो तर म्हणते का दिवसभर खोकेच उचलतो. हे शिकणं आहे का हमाली, पाहा बरं जी."

कागद शिकाऊ उमेदवारीच्या कराराचा होता. तो वाचता वाचता मला माझेच दिवस आठवले.

कृषी पदविका झाल्यावर नोकरीची वाट पाहत मी वर्षभर बुटीबोरीकडच्या एका खाजगी गोदामात शिकाऊ म्हणून होतो. पहिले दोन महिने फाटकावर ट्रक मोजण्यात गेले. कोणी काही शिकवले नाही. एकदा घाईत पोती न मोजताच आवक रजिस्टरवर सही केली. हरभऱ्याची १४ पोती कमी निघाली आणि माझ्या विद्यावेतनातून पैसे कापले गेले. राग आला, पण न मोजता सही करायची नाही हे जन्मभरासाठी कळले.

खरे शिक्षण मिळाले ते हमालांच्या मुकादमाकडून. थप्पीच्या मधल्या पोत्यात हात घालून माल तापला की नाही हे ते सांगत. थप्पी भिंतीपासून दोन-अडीच फूट दूर का, खाली लाकडी फळ्या का, आधी आलेला माल आधी बाहेर का, हे त्यांनी दाखवले. पुढे परखीने नमुना काढणे, ओलावा मोजणे, प्रत्येक थप्पीचे कार्ड भरणे आले. १६ टक्के ओलाव्याचे १ क्विंटल सोयाबीन १२ टक्क्यांपर्यंत वाळले की साडेपंच्याण्णव किलोच भरते, हा हिशोबही तिथेच पक्का झाला. आज शेतकरी "काट्यात मारलं" म्हणतो, तेव्हा खरोखर मारले की माल सुकला, हे मी बसल्या जागी मांडून दाखवू शकतो.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. गोदामाची उमेदवारी वाईट नाही. शिकवल्याविना करून घेतलेली उमेदवारी वाईट आहे.

आपल्या जिल्ह्यात ही कामे वाढतच जाणार. २०१७ साली जीएसटी आला आणि राज्याराज्यांत वेगवेगळी गोदामे ठेवण्याची कंपन्यांची गरज कमी झाली. देशाच्या मध्यावर असलेल्या नागपूरकडे साहजिकच लक्ष वळले. दक्षिणोत्तर आणि पूर्व-पश्चिम महामार्ग इथे मिळतात. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्गही जून २०२५ मध्ये मुंबईच्या बाजूपर्यंत पूर्ण खुला झाला. वाडी, कापसी, बुटीबोरी, मिहान या भागांत आपल्या खेड्यांतली मुले-मुली कामाला जातात. त्यांना थांबवण्यात अर्थ नाही. मात्र कागद पाहून पाठवावे.

शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ सालचा आहे. त्यानुसार उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो. त्यामुळे मुदत संपल्यावर मालकावर नोकरी देण्याचे बंधन नाही, हे घरच्यांनी आधीच समजून घ्यावे. पण प्रशिक्षणार्थी म्हटले की शिकवणेही आलेच. विद्यावेतन नगावर, म्हणजे किती खोकी उचलली त्यावर, देता येत नाही. काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदवलेला असावा लागतो. २०१६ च्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिना जास्तीत जास्त १,५०० रुपये, उचलते. २०२३ पासून तो सरळ उमेदवाराच्या खात्यात जमा होण्याची सोय झाली. तेव्हा बँक खाते आधारला जोडलेले आहे का, हेही पाहावे.

आता दुसरी बाजू. पोरगं शिकून आलं, पुढे काय? कंपनीने ठेवले तर ठीक. नाही ठेवले तर ते पुन्हा पानठेल्यावर! इकडे आपल्याच सेवा सहकारी सोसायटीच्या गोदामात काय दिसते? खताची पोती, मोडकी खुर्ची आणि दाराला कुलूप. सोयाबीन निघाले की त्याच आठवड्यात कळमन्याला न्यायचे आणि पडेल त्या भावात द्यायचे. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घ्या, भाव आल्यावर विका, अशी ती सरळ योजना. पण साठवलेला माल चांगला राहील, हा भरवसा असल्याशिवाय कोणी पोते ठेवत नाही. तो भरवसा जाणत्या माणसाने येतो, नुसत्या टिनाच्या छपराने नाही.

सहकारी संस्थांमार्फत गावोगाव धान्य साठवणुकीची योजना केंद्राने २०२३ साली मंजूर केली. तिच्या पहिल्या प्रायोगिक गोदामांत आपल्या विदर्भातले, अमरावती जिल्ह्यातले नेरपिंगळाई आहे. उद्या आपल्याही गावी गोदाम उभे राहील. चावी कोणाच्या हाती देणार? ओलावा मोजता न येणाऱ्याच्या?

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि सोसायटीचे सचिव यांना माझी विनंती आहे. गावातले किती जण गोदामाची उमेदवारी करून आले, त्यांची यादी करा. हंगामाचे चार महिने त्यांना मानधनावर सोसायटीच्या गोदामात बसवा. घरच्या बियाण्याची थप्पी पाच-सात पोत्यांपेक्षा उंच लावू नका आणि सोयाबीनचे पोते आदळू नका, हे मी दरवर्षी सभेत सांगतो. तेच गावच्या पोराने करून दाखवले तर लवकर पटेल. किडीची विषारी गोळी माणसे झोपतात त्या घरात ठेवायची नसते, हेही तो चारचौघांना सांगेल.

त्या शेतकऱ्याला मी एवढेच म्हटले, "भाऊ, करार बरोबर आहे. पोराला सांगा, खोकी उचल, पण रोज एक गोष्ट विचारून वहीत लिही. तीन महिन्यांनी वही कोरीच राहिली, तर ते शिक्षण नाही. मग आपण दोघं कराराचा कागद घेऊन त्यांच्याकडे जाऊ."

वही भरली, तर ती घेऊन त्याने आधी आपल्या सोसायटीत यावे. तिथे त्याला बसायला खुर्ची मिळेल ना, हे आता गावाने ठरवायचे आहे.

(लेखक कृषी विस्तार अधिकारी आहेत.)