लोटा, दोरी आणि हुंडी

आपल्याकडे यशाची एक तयार गोष्ट आहे. राजस्थानातला एक पोरगा लोटा आणि दोरी घेऊन घर सोडतो. वाटेतल्या विहिरींचं पाणी शेंदून पितो, कुणापुढे हात पसरत नाही. वऱ्हाडात, नागपुरात किंवा आमच्या वर्ध्यात येतो. दुकान झाडतो, ओसरीवर झोपतो, पैसा पैसा जोडतो. तिसऱ्या पिढीत त्याचं जिनिंग असतं, पेट्रोल पंप असतो, फ्लॅट स्कीम असते. ही गोष्ट व्हॉट्सॲपवर येते, लिंक्डइनवर येते, मोटिव्हेशनल रीलमध्ये येते. आणि तिच्या शेवटी, कधी उघड तर कधी दबक्या आवाजात, एक वाक्य येतंच: ‘बाकीचे मात्र अजून आरक्षण मागत बसलेत.’

माझं भांडण या शेवटच्या वाक्याशी आहे.

कारण राजस्थानशी नाळ सांगणारा आणखी एक समाज याच मातीत आला. रेल्वेबरोबर आलेल्या मारवाडी दुकानदाराच्या कितीतरी आधी आला. त्याच्याकडे लोटा-दोरीपेक्षा खूप जास्त होतं. हजारो बैल होते, मीठ आणि धान्याचा व्यापार होता, उत्तरेपासून दख्खनपर्यंतच्या घाटांची आणि पाणवठ्यांची माहिती होती. हा बंजारा समाज. त्यांची गोरबोली आणि मारवाडी या दोन्ही भाषा एकाच राजस्थानी कुळातल्या. आज यातल्या एका समाजाची नावं विदर्भातल्या शाळा-कॉलेजांवर, धर्मशाळांवर आणि गिरण्यांच्या पाट्यांवर दिसतात. दुसऱ्याचं नाव जातीच्या दाखल्यावर असतं, ‘विमुक्त जाती (अ)’ या रकान्यात.

विमुक्त म्हणजे कशातून विमुक्त? एवढा एक प्रश्न विचारला की लोटा-दोरीची गोष्ट डगमगायला लागते.

धंदा कुणाच्या रक्तात?

‘धंदा त्यांच्या रक्तातच आहे’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो. मग बंजाऱ्यांच्या रक्तात काय होतं? शतकानुशतकं ही माणसं आजच्या भाषेत लॉजिस्टिक्स कंपनी चालवत होती. मोगल फौजांचं धान्य त्यांच्या बैलांवर गेलं. १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली असई आणि अडगावची लढाई लढला, तेव्हा त्याच्या सैन्याच्या पोटाची भिस्तही बंजाऱ्यांवर होती. वऱ्हाड-नागपूरकडचा कापूस बैलांच्या पाठीवरून पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जायचा. मिठाच्या वाहतुकीवरून, म्हणजे लवणावरून, त्यांना लमाण नाव पडलं असं सांगतात. तांड्याचा नाईक म्हणजे एकाच वेळी मॅनेजर, न्यायाधीश आणि व्यापारी. शेकडो मैल माल न्यायचा, वाटेत चोर, दुष्काळ, लढाया सांभाळायच्या, बैल जगवायचे आणि सौदाही करायचा. याला धंदा म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?

जोखीम घेणं, घर सोडणं, काटकसर, जातभाईवर विश्वास, हिशेबाची पक्की समज. मारवाड्यांच्या यशाची म्हणून जेवढी कारणं सांगितली जातात, तेवढी सगळी तांड्यातही होती. म्हणजे कारण दुसरीकडे शोधायला हवं.

रुळांनी काय केलं

ते कारण आमच्याच स्टेशनवरून जातं. वर्धा जिल्हा नागपुरातून वेगळा निघाला तो १८६२ मध्ये. १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसवायला घेतलं. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली. त्याच दशकात अमेरिकेत यादवी युद्ध झालं आणि तिकडचा कापूस थांबल्यावर इंग्लंडच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या मातीकडे वळली. हिंगणघाटचा कापूस तर आधीपासून नावाजलेला होता.

आता एकच घटना दोन ठिकाणांहून बघू. तुम्ही बैलांचा तांडा हाकत असाल, तर रेल्वे म्हणजे तुमच्या धंद्याचा शेवट. बैलाची पाठ मालगाडीच्या डब्याशी स्पर्धा करू शकत नाही. तुमचं सगळं भांडवल बैलांमध्ये अडकलेलं आहे, आणि त्या बैलांना आता नेण्यासारखा माल उरलेला नाही. पण तुमची पेढी असेल, तर तीच रेल्वे म्हणजे लॉटरी. कापूस मुंबईला चार दिवस लवकर पोचतो, पैसा लवकर फिरतो, नवीन स्टेशनाशेजारी नवीन पेठ उभी राहते आणि त्या पेठेत शेतकऱ्याला पेरणीआधी पैसे देणारा माणूस लागतोच. बिकानेरकडून येऊन कामठीत जम बसवलेल्या बन्सीलाल अबीरचंद घराण्याने पुढे हिंगणघाटला कापडाची गिरणी काढली. मोहतांची गिरणीही तिथेच उभी राहिली.

हा मेहनतीचा निकाल नव्हता. एका समाजाची संपत्ती चार पायांवर चालत होती आणि दुसऱ्याची कागदावर. नव्या व्यवस्थेने कागद उचलला आणि बैल सोडून दिला.

एकाला कोर्ट, दुसऱ्याला पोलीस

रेल्वे आंधळी होती असं एक वेळ म्हणू. कायदा आंधळा नव्हता.

१८६० च्या दशकात नागपूर प्रांतात मालगुजारी बंदोबस्त झाला. तोवर जो सरकारसाठी सारा गोळा करायचा, तो मालगुजार आता गावाचा मालक ठरला. मालकी आली म्हणजे ती गहाण टाकता येते, विकता येते, कर्जात जप्त होते. ज्याच्याकडे कर्जरोखा होता, त्याच्या मागे आता दिवाणी कोर्ट उभं राहिलं. पूर्वी सावकाराला वसुलीसाठी गावाच्या मर्जीवर राहावं लागायचं. आता शिक्का पुरेसा होता. अनेक सावकार पेढ्या या वाटेने गावांच्या मालक झाल्या, आणि हा हक्क पार १९५१ मध्ये मालगुजारी संपेपर्यंत टिकला. पश्चिम महाराष्ट्रात याच यंत्रणेने शेतकऱ्याला इतकं पिळलं की १८७५ च्या मे महिन्यात पुण्याजवळच्या सुप्यात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले. लोकांचा पहिला राग कागदावर निघाला, यातच सगळं आलं.

आता त्याच सरकारने दुसऱ्या समाजासाठी काय केलं ते बघा. १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला. पुढे १९११ आणि १९२४ मध्ये तो आणखी पसरला. फिरस्ती हाच संशय ठरला. वेगवेगळ्या प्रांतांत, वेगवेगळ्या वेळी अनेक बंजारा गटांची त्यात नोंद झाली. नोंद झालेल्या जमातीच्या माणसाने हजेरी द्यायची, गाव सोडताना परवानगी घ्यायची. ज्याचं पोट फिरण्यावर, त्याचं फिरणंच गुन्हा झालं. हा कायदा रद्द होऊन या जमाती विमुक्त झाल्या ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी.

एका समाजाच्या वहीला कोर्टाने पुरावा मानलं. दुसऱ्या समाजाचं नाव पोलिसांच्या वहीत गेलं. आणि आपण दीडशे वर्षांनी दोघांच्या ‘माइंडसेट’ची तुलना करतो.

लोट्यामागची पेढी

लोटा-दोरीची गोष्ट खोटी आहे असं मी म्हणत नाही. रिकाम्या हाताने आलेले खूप होते. पण रिकाम्या हाताने येणं आणि एकटं येणं यात फरक आहे. थॉमस टिम्बर्ग या अभ्यासकाने मारवाडी व्यापाऱ्यांवर लिहिताना ही यंत्रणा नीट उलगडून दाखवली आहे. मोठ्या पेढ्या होत्या. त्या आपल्या भागातल्या पोरांना गुमास्ता म्हणून घ्यायच्या, हिशेब शिकवायच्या, पुढे भांडवल देऊन वेगळं दुकान काढू द्यायच्या. नव्याने आलेल्यांसाठी बासा होता, म्हणजे जातभाईंची राहण्या-जेवणाची सोय. आणि हुंडी होती. वर्ध्यात लिहिलेला कागद मुंबईत किंवा कलकत्त्यात वटायचा, कारण लिहिणाऱ्याला ओळखणारं कुणीतरी तिथे बसलेलं असायचं. पोराच्या हातात लोटा होता, पण त्याच्या नावामागे पत होती.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे समजायला जड जाऊ नये. हिंजवडीत एकाच कॉलेजची सहा पोरं एका फ्लॅटमध्ये राहतात, सातव्याला नोकरी मिळेपर्यंत भाडं मागत नाहीत, मग कुणीतरी रेफरल टाकतं. तो आमचा बासा आणि ती आमची हुंडी. ज्याच्या गावातून आधी कुणी गेलेलंच नाही, त्याच्याकडे टॅलेंट असून रेफरल नसतं. आणि आम्ही नंतर पोस्ट लिहितो: ‘सेल्फमेड.’

वर्ध्याच्या सगळ्यात मोठ्या मारवाडी माणसाने ही बढाई मारली नव्हती. जमनालाल बजाज सीकरजवळच्या काशी का बास या गावचे. ते लोटा-दोरी घेऊन वर्ध्याला आले नाहीत. शेठ बच्छराज यांनी त्यांना लहानपणीच नातू म्हणून दत्तक घेतलं, आणि ते चालत्या पेढीत वाढले. तरुणपणी वाद झाला तेव्हा त्यांनी या संपत्तीवर पाणी सोडणारं पत्र बच्छराजांना लिहिलं. ही दौलत आपली कमाई नाही, हे त्या वयात त्यांना कळत होतं. पुढे त्यांनी १९१४ मध्ये मारवाडी शिक्षा मंडळ काढलं, त्यातून आजचं शिक्षा मंडळ वाढलं. १९२८ मध्ये वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुलं केलं. संपत्तीचा धनी हा तिचा विश्वस्त असतो, हा गांधींचा विचार त्यांनी मानला. त्यांचं नाव घेऊन ‘बघा, मेहनतीने काय होतं’ म्हणणारे लोक त्यांचं अर्धंच आयुष्य वाचतात.

हे फक्त आपल्याकडचं नाही

१८४५ मध्ये स्वित्झर्लंडच्या ग्लारूस प्रांतातली गरीब माणसं अमेरिकेला निघाली. गरीबच होती, पण त्यांच्या मंडळाने आधी दोन माणसं पुढे पाठवून विस्कॉन्सिनमध्ये जमीन खरेदी करून ठेवली होती. ते पोचले ते स्वतःच्या जमिनीवर. तिथे न्यू ग्लारूस गाव वसलं, पुढे दूधधंदा आणि चीज आलं. १८७० नंतर पोलिश लोक लाखांनी गेले, तेव्हा त्यांचा देशच नकाशावर नव्हता. १७९५ ते १९१८ पोलंड तीन साम्राज्यांत वाटलेला होता. ते शिकागोच्या कत्तलखान्यांत आणि पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणींत लागले. मग अमेरिकेत स्विस म्हणजे नीटनेटका, कष्टाळू शेतकरी असं चित्र झालं आणि पोलिश माणूस मठ्ठ म्हणून त्याच्यावर विनोद झाले. एकाला जमीन मिळाली, दुसऱ्याला पाळी. स्वभाव नंतर चिकटवला गेला.

‘पण वसंतराव नाईक?’

हा आक्षेप येणारच. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते. एवढा काळ सलग ते पद कुणी सांभाळलं नाही. पुढे सुधाकरराव नाईकही मुख्यमंत्री झाले. मग बंजारा मागे कसे? उत्तर साधं आहे: एक घराणं वर जाणं म्हणजे तांडा वर जाणं नव्हे. आजही दिवाळीच्या सुमारास तांडेच्या तांडे रिकामे होतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, आणि पोरांची शाळा अर्ध्यावर सुटते. एकेकाळी स्वतःच्या मालाचे मालक म्हणून फिरणारी माणसं आता दुसऱ्याच्या कर्जात फिरतात.

आणि उलट बाजूच्या मित्रांनाही एक सांगायचंय. ‘मारवाडी म्हणजे लुटारू’ हे त्याच नाण्याचं दुसरं तोंड आहे. मालगुजारी आणि कोर्ट मारवाड्याने बनवलं नव्हतं. त्यात कमावणाऱ्यांत मराठी पाटील-देशमुख आणि ब्राह्मण सावकारही होते. आजही पगारावर दुकानात उभं राहणारा, भाड्याच्या खोलीत राहणारा मारवाडी आहेच. मॉलमध्ये जाऊन कुणाला भाषेवरून कानफटात मारल्याने तांड्यातल्या एकाही पोराला वसतिगृह मिळत नाही. एका समाजाच्या रक्तात धंदा मानायचा आणि दुसऱ्याच्या रक्तात गुन्हा, ही १८७१ ची विचारपद्धत आहे. तिची स्तुती केली काय आणि तिने शिव्या दिल्या काय, ती तीच राहते.

मग मागणी भीक कशी?

पैनगंगेच्या अलीकडचा राठोड महाराष्ट्रात विमुक्त जाती. पलीकडे तेलंगणात तोच लंबाडा अनुसूचित जमात. कर्नाटकात अनुसूचित जात. महाराष्ट्रातला हाच मुलगा केंद्राच्या नोकरीसाठी ओबीसी. विमुक्तांसाठी रेणके आयोगाचा अहवाल २००८ मध्ये आला, इदाते आयोगाचा २०१८ मध्ये. अहवालांची चळत वाढली. सवलत कोणती आणि कोणाला द्यायची यावर वाद होऊ शकतो, आदिवासी संघटनांचे आक्षेपही ऐकायला हवेत. पण मागणारा आळशी आहे, हे उत्तर होऊ शकत नाही. जो समाज दोन शतकांपूर्वी अर्ध्या हिंदुस्थानाला धान्य पोचवत होता, त्याला काम करायला शिकवणारे आपण कोण?

मारवाडी समाजाकडून शिकायचंच असेल तर लोटा आणि दोरी शिकू नका, बासा आणि हुंडी शिका. म्हणजे ऊसतोडीच्या हंगामात पोरं मागे राहू शकतील अशी चांगली वसतिगृहं. तारण नसलेल्याला मिळणारं कर्ज, ज्यामुळे मुकादमाच्या उचलीची गरज संपेल. शिकलेल्याने मागच्याला हात देण्याची व्यवस्था. जे एका समाजाने स्वतःच्या नफ्यातून उभं केलं, ते ज्याचा नफाच कायद्याने आणि रुळांनी खाल्ला, त्याच्यासाठी सरकारने उभं करणं ही मेहेरबानी नाही. ती थकबाकी आहे.

वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेचा वर्धा ते कळंब हा तुकडा २०२४ मध्ये सुरू झाला. हे रूळ पुढे दारव्हा, दिग्रस, पुसदकडे जायचे आहेत, म्हणजे थेट तांड्यांच्या मुलखात. पहिली रेल्वे आली तेव्हा तांड्याच्या हातून धंदा गेला. ही दुसरी पोचेल तेव्हा स्टेशनाजवळचं गोदाम, ट्रान्सपोर्टचं ऑफिस आणि अडतीचं दुकान कुणाच्या नावावर असेल, ते कुणाच्या रक्तावर ठरणार नाही. आज पुसदच्या बँकेत कर्जाचा अर्ज कुणाचा मंजूर होतो, यावर ठरेल.