‘कमवा आणि शिका’चा अपहार

सातारा-सांगलीच्या मातीत ‘कमवा आणि शिका’ हे शब्द उच्चारताना मान आदराने लवते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज उभारून श्रमाच्या बळावर पदवीपर्यंत जाण्याची वाट बहुजनांच्या मुलांना मोकळी केली. आज हेच शब्द कारखानदारांच्या आणि शिक्षणसम्राटांच्या तोंडी ऐकू येऊ लागले आहेत. म्हणूनच सावध व्हावयास हवे.

त्यांचा युक्तिवाद असा: गोरगरिबांच्या मुलांवर गणित-विज्ञानाचा भार कशाला? वर्षभर एखादे कौशल्य शिकवा आणि कारखान्यात धाडा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ साली आणलेल्या सामुदायिक महाविद्यालयांच्या योजनेकडेही ही मंडळी याच नजरेने पाहतात. वस्तुतः तेथून पदवीकडे जाण्याची वाट खुली असावी, हा त्या योजनेचा आशय होता.

विद्युत-यांत्रिकीचेच उदाहरण घ्या. या दोन जिल्ह्यांत हा विषय परका नाही. कोयनेची वीज येथलीच. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० सालचा. टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांनी कृष्णेचे पाणी दुष्काळी माळावर चढते ते पंपांच्याच जोरावर. आता नदीकाठच्या एखाद्या मोटारीपाशी या. तीन फेजपैकी एक गेली, तर उरलेल्या दोहोंतून जादा प्रवाह ओढला जाऊन वाइंडिंग तापते. पंपाचे बेअरिंग अडकले, तरीही प्रवाह वाढतो. दोन्ही वेळी ओव्हरलोड रिले मोटार थांबवतो. लक्षण एक, रोग दोन! केवळ बटण दाबावयास शिकलेला मुलगा पुनःपुन्हा बटण दाबील; मोटार जळेल आणि उभे पीक वाळेल. वीज आणि यंत्र दोहोंचे शास्त्र जाणणारा मुलगा कारण शोधील. तेव्हा सिद्धान्त ही श्रीमंतांची चैन नव्हे; ती कामगाराची गरज आहे आणि त्याचा हक्कही आहे.

मग हे शास्त्र कोणाच्या वाट्यास आले? १९८३ साली सांगलीचेच सुपुत्र वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. शिक्षण खेड्यांच्या जवळ आले हे मान्य. परंतु ते शुल्काच्या कुंपणाआड आले. ज्याच्या बापाजवळ पैसा, त्यास शास्त्र. ज्याच्याजवळ केवळ हात, त्यास ‘कौशल्य’. चातुर्वर्ण्याची ही नवी आवृत्ती नव्हे काय?

आणि त्या हातांचे मोल काय? १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा उमेदवारास कामगार मानीतच नाही. सबब कामगार कायद्यांचे सर्वसाधारण संरक्षण त्यास नाही. २०१४ च्या दुरुस्तीने त्याच्या कामाचे तास ठरविण्याचा अधिकारही मालकाकडे गेला. काम कामगाराचे, दर्जा विद्यार्थ्याचा, आणि शिक्षण नावापुरते! भाऊरावांच्या योजनेत श्रम विद्यार्थ्याच्या शिक्षणासाठी होता. येथे विद्यार्थीच मालकाच्या नफ्यासाठी आहे.

दोष आपल्याकडेही आहे. आपण पगारवाढीसाठी मोर्चे काढले, पण कामगाराच्या मुलाच्या अभ्यासक्रमाकडे ढुंकून पाहिले नाही. कायम कामगारांच्या संघटना बांधल्या. त्यांच्याच शेजारी उभ्या असलेल्या उमेदवारास मात्र सभासद करून घेण्याची बुद्धी आपणास झाली नाही.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक तालुक्यात विद्युत-यांत्रिकीचा सार्वजनिक, निःशुल्क अभ्यासक्रम हवा. त्यास कायम शिक्षक व चालती कार्यशाळा हवी. उपसा योजनांची पंपगृहे या विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणासाठी खुली व्हावीत, तेथील कामाचा योग्य मोबदला त्यांना मिळावा, आणि पदवीचे दार कोणासही बंद असू नये. भाऊरावांच्या तसबिरीस हार घालणे सोपे आहे. त्यांचे शब्द मालकांच्या तावडीतून सोडविणे, हे खरे काम आहे.