बखर आणि छावणीचे पत्र

युद्धवर्णन शिकविताना आम्ही बखर शिकवितो. युद्ध चालू असताना छावणीतून लिहिलेले पत्र वर्गात क्वचितच येते. माढ्यासारख्या तालुक्याच्या गावी मराठी शिकविताना ही निवड आम्हांस अधिकाधिक खटकू लागली आहे.

‘भाऊसाहेबांची बखर’ लिहिणाऱ्यास पानिपतचा शेवट ठाऊक आहे. त्यामुळे तीतील प्रत्येक प्रसंग १४ जानेवारी १७६१ कडे कललेला असतो. मानापमान, रुसवे, न ऐकलेले सल्ले, सारे पराभवाची कारणे होऊनच येतात. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेच्या पहिल्या खंडात छापलेल्या पत्रांना मात्र हा शेवट ठाऊक नाही. सदाशिवरावभाऊ गोविंदपंत बुंदेल्यांना लिहितात ते यमुना उतरण्यासाठी लागणाऱ्या नावांविषयी, पैशाविषयी, शत्रूची रसद तोडण्याविषयी. तेच तगादे पुनःपुन्हा येतात. अलंकार नाही, भाकीत नाही. आहे ती केवळ उद्याची धास्ती. बखरीतला गर्विष्ठ सेनापती येथे खर्चाच्या ओढीने गांजलेला कारभारी दिसतो.

अर्थात पत्र म्हणजे सत्य, असा आमचा दावा नाही. रोजचे युद्धवृत्तही फसते. कोरियात २४ नोव्हेंबर १९५० रोजी जनरल मॅकार्थर यांनी युद्ध लवकरच संपविणाऱ्या चढाईची घोषणा केली आणि दुसऱ्याच रात्री चिनी फौजांनी प्रचंड प्रतिहल्ला चढविला. तथापि अशा वृत्ताची चूक त्या दिवसाची असते. ती त्या क्षणी माणसांना काय दिसत होते, हे सांगते. बखरीची चूक पुढे घडलेल्या गोष्टींच्या प्रकाशात केलेली असते.

वृत्त न येणे, हाही युद्धाचाच भाग आहे. अब्दालीने वाटा रोखल्यावर दक्षिणेकडे जाणारी पत्रे तुटत गेली. उत्तरेकडे निघालेले नानासाहेब पेशवे जानेवारी १७६१ मध्ये कित्येक दिवस संपून गेलेल्या युद्धाच्या मदतीस चालले होते. ही विटंबना कोणत्याही बखरकाराच्या कल्पनेहून दारुण आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. बखरीच्या उताऱ्याशेजारी त्याच महिन्यातले एक पत्र ठेवावे आणि विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारावा: लिहिणाऱ्यास त्या दिवशी काय ठाऊक नव्हते? पराभूतांना दोष देण्याची घाई या प्रश्नाने थोडी तरी कमी होईल, असे आम्हांस वाटते.