मजबुतीची खरी कसोटी

‘मजबूत’ हा शब्द आपण फार सहजपणे वापरतो. जे तुटत नाही ते मजबूत आणि जे वाकते, लांबते ते कच्चे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. घर बांधताना आणि त्यासाठी लोखंडी सळई विकत घेतानाही आपण याच समजावर विसंबतो. माझ्या मते हा समज अपुरा आहे. एखादा पदार्थ किती ताण सोसतो, हा पहिला प्रश्न. तो ताण सोसवेनासा झाला म्हणजे पदार्थ कसा वागतो, हा दुसरा. माणसांच्या जिवाशी या दुसऱ्या प्रश्नाचा फार निकटचा संबंध आहे. आणि तो मात्र आपण क्वचितच विचारतो.

ताणाखाली निरनिराळे पदार्थ निरनिराळ्या रीतीने वागतात. रबराचा पट्टा मूळ लांबीच्या कित्येक पट ताणला जातो आणि सोडताच जवळजवळ पूर्ववत होतो. काचेची कांडी ओढली, तर तिची वाढ डोळ्यांना दिसतही नाही. ती एकाएकी तुटते. तांब्याची तार मात्र आधी लांबते, मग एखाद्या ठिकाणी बारीक होते आणि शेवटी तुटते. ताण ज्या प्रमाणात वाढतो, त्याच प्रमाणात लांबी वाढते, असा नियम इंग्लंडमधील शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केला. परंतु हा नियम एका मर्यादेपर्यंतच लागू पडतो. त्या मर्यादेपलीकडे पदार्थाचा खरा स्वभाव प्रकट होतो. जो लांबत लांबत तुटतो तो तन्य आणि जो न लांबताच तुटतो तो ठिसूळ.

ठिसूळपणाची किंमत किती मोठी असते, याची साक्ष इतिहास देतो. बीड हे दाब सोसण्यास भक्कम, पण ताण सोसण्यास दुबळे व ठिसूळ असते. इंग्लंडमधील चेस्टर येथे डी नदीवरील रेल्वे पुलाला बिडाच्या तुळया वापरल्या होत्या. २४ मे १८४७ रोजी गाडी पुलावरून जात असताना त्यांपैकी एक तुळई तुटली आणि पाच जणांचा बळी गेला. आदल्याच वर्षी सुरू झालेला तो पूल होता.

आज आपली घरे काँक्रीटची असतात. काँक्रीटची ताण सोसण्याची शक्ती त्याच्या दाब सोसण्याच्या शक्तीच्या साधारण एक दशांशच असते. म्हणून जेथे ताण येतो तेथे पोलादी सळया घालतात. बाजारात मिळणाऱ्या ‘एफई ५००’ या सळईच्या नावातील आकडा तिची ताकद सांगतो. ती किती लांबेल, हे सांगत नाही. २० मिलिमीटर जाडीच्या सळईवर १०० मिलिमीटर अंतराने दोन खुणा करून ती तुटेपर्यंत ओढली, तर खुणांमधील अंतर किमान ११२ मिलिमीटर व्हावे, अशी भारतीय मानकाची अट आहे. ‘एफई ५०० डी’ या प्रकारात ते किमान ११६ मिलिमीटर व्हावे लागते. दोन्हींची किमान ताकद जवळपास सारखीच. फरक आहे तो लांबण्याचा.

या चार मिलिमीटरांना क्षुल्लक मानू नये. सळई लांबते तेव्हा तुळई वाकते, भेगा दिसू लागतात आणि आत राहणाऱ्यांना बाहेर पडण्यास अवधी मिळतो. भूकंपात तर इमारतीला बसणाऱ्या हादऱ्यांची ऊर्जा सळयांच्या या लांबण्यातच बऱ्याच अंशी जिरते.

तथापि तन्य सळई आणली म्हणजे काम संपले, असे नव्हे. खांबातील उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगांची टोके १३५ अंशांत आत वळवावीत, म्हणजे हादऱ्यांत त्या उघडत नाहीत, असे सांगणारे मानक आपल्या देशात १९९३ मध्येच प्रसिद्ध झाले होते. तरीही २६ जानेवारी २००१ रोजी भूज परिसरात भूकंप झाला, तेव्हा दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेतही बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांच्या पाहणीत इतर दोषांबरोबरच रिंगांची टोके केवळ काटकोनात वळवलेली आढळली.

काही जण म्हणतील, की हे सारे अभियंत्याने पाहावे; सामान्य माणसाला त्यातले काय कळणार? हे म्हणणे मला मान्य नाही. आपल्या देशातील असंख्य लहान घरे मालक आणि गवंडी मिळूनच उभी करतात. सळईवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आहे ना, चाचणीच्या दाखल्यात ताकदीबरोबर वाढीची टक्केवारी किती दिली आहे, हे विचारण्यास पदवी लागत नाही. काँक्रीट ओतण्यापूर्वी रिंगांची टोके पाहण्यास तर केवळ पाच मिनिटे पुरतात; काँक्रीट ओतल्यावर ती कोणालाच दिसत नाहीत. सळई वाकवणाऱ्या कारागिराच्या हातात त्या घरातील माणसांची सुरक्षितता असते. त्याला या कामाचे कारण समजावून सांगणे आणि त्यासाठी लागणारा जादा वेळ व मजुरी देणे, हे घरमालकाचे कर्तव्य आहे.