पाऊल वाजलं, ते दिसलं पाहिजे

माझा भाचा गेम खेळायला बसला की आधी खोलीतला दिवा मालवतो. मला वाटायचं, पोरांना अंधारात बसायची हौस असते. एकदा विचारलं, तर त्याने स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यातल्या नकाशावर बोट ठेवलं आणि खुणेने सांगितलं, "मावशी, हा नीट दिसायला हवा." नखाएवढा तो नकाशा. त्यावर मधूनच पावलांचं पुसट चिन्ह उमटतं आणि विरून जातं. आसपास कुणीतरी चालतंय, एवढं ते चिन्ह सांगतं. इतरांच्या कानांत जे वाजतं ते याला त्या कोपऱ्यातून वाचावं लागतं, आणि वाचून होईपर्यंत बऱ्याचदा गोळी लागलेली असते.

भाचा एकोणीस वर्षांचा आहे, जन्मापासून कर्णबधिर. ("मूकबधिर" म्हणू नका, त्याला राग येतो आणि तो रास्त आहे. तो मुका नाही, हातांनी आपल्या दुप्पट बोलतो.) या सदरात मी आजवर गेमच्या गोष्टींवर, चित्रांवर, व्यसनावर, पैशांवर लिहिलं. आवाजावर कधी लिहिलं नव्हतं, कारण मला तो ऐकू येतो.

शूटर प्रकारच्या ऑनलाइन खेळात आवाज म्हणजे नुसतं वातावरण नव्हे, ती माहिती असते. काउंटर-स्ट्राइकमध्ये धावलात तर पावलं वाजतात, हळू चाललात तर वाजत नाहीत. धावायचं की दबकायचं, हा अख्खा डावपेच समोरच्याला कान आहेत हे गृहीत धरून रचलेला आहे. बॅटल रॉयालमध्ये शंभर माणसं एका बेटावर उतरतात आणि त्यांतली बहुतेक तुम्हाला दिसण्याआधी ऐकू येतात. गाडीची घरघर, दार उघडल्याचा आवाज, मागच्या जिन्यावरची पावलं. आवाज कुठल्या बाजूने आला हे मेंदू ठरवतो तो दोन कानांपर्यंत तो पोचण्यातल्या फरकावरून, आणि हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. एका कानाने ऐकू न येणाऱ्यासाठी सेटिंगमध्ये "मोनो" असतो. दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होतो, काही निसटत नाही, पण दिशा जाते. श्रवणयंत्राचं दुखणं वेगळं. आवाज मोठा होतो, मात्र पाऊल, पंखा आणि शेजारचा कुकर सगळंच मोठं होतं.

मग उपाय काय? बरेच जण चटकन म्हणतात, सबटायटल द्या. कथा सांगणाऱ्या, एकट्याने खेळायच्या गेमला ते पुरतं. चार विरुद्ध चारच्या सामन्यात खाली "पावलांचा आवाज" अशी ओळ आली, तर तिचं काय करायचं? कुठून, किती लांबून, एकाची की तिघांची? दिशा नसलेली ही माहिती नुसती धास्ती वाढवते. माइनक्राफ्टने ही अडचण साधेपणाने सोडवली आहे. तिथे आवाजांची सबटायटल सुरू केली की आवाजाच्या नावाशेजारी डावा किंवा उजवा बाण येतो. क्रीपर नावाचा तिथला राक्षस फुत्कारल्यापासून त्याचा स्फोट होईपर्यंत मध्ये दीड सेकंद असतो. तो बाण दिसला तर पळता येतं.

फोर्टनाइट त्याच्याही पुढे गेला. तिथला आवाज दाखवणारा पर्याय सुरू केला की स्क्रीनच्या मध्याभोवती एक अदृश्य वर्तुळ आहे असं समजा. ज्या बाजूने आवाज येतो त्या बाजूला वर्तुळावर चिन्ह उमटतं. पावलांचं वेगळं, गोळीबाराचं वेगळं, खजिन्याच्या पेटीचं वेगळं. ही सोय आधी मोबाइलवर आली, पुढे पीसी आणि कन्सोलवरही. पब्जी मोबाइल आणि बीजीएमआयमध्येही पावलं आणि गोळीबार छोट्या नकाशावर उमटतात, आणि स्वस्त फोनवर खेळणाऱ्या आपल्याकडच्या कर्णबधिर मुलांना तेवढ्यानेच खेळात उभं राहता आलं, हे मी मान्य करते.

पण कोपरा आणि मध्य यांत फार मोठं अंतर आहे, आणि भाच्याशेजारी बसेपर्यंत मला ते कळलं नव्हतं. ऐकणाऱ्याची नजर नेमाच्या जागी खिळलेली असते आणि कान चारी दिशांना पहारा देतात. कानांना वळावं लागत नाही. भाच्याची नजर मात्र सारखी येरझाऱ्या घालते, नेमावरून कोपऱ्यात, कोपऱ्यातून नेमावर. ती कोपऱ्यात गेली की तेवढा वेळ समोरचं दार सुनं. माहिती दिली, पण अशा जागी दिली की ती घ्यायला जाणाराच मारला जावा. म्हणून मध्याभोवतीचं वर्तुळ मला मोलाचं वाटतं. नजर न हलवता डोळ्याच्या कडेने ते टिपता येतं. त्यालाही मर्यादा आहे. आवाज वरच्या मजल्यावरचा की खालच्या, हे सपाट वर्तुळात दाखवायचं कसं? हा कारागिरीचा प्रश्न आहे आणि कारागिरांनी त्यात डोकं घालायला हवं.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो खेळाडूंकडूनच येतो. आवाज डोळ्यांना दाखवला तर ऐकणाऱ्यांनाही तो दिसेल, त्यांचा दुहेरी फायदा होईल, म्हणजे ही फसवणूकच झाली. मी हा आक्षेप उडवून लावणार नाही, स्पर्धेत इंचाइंचाला किंमत असते. पण फोर्टनाइटने तो पर्याय सगळ्यांसाठी खुला ठेवला आहे. उत्तम ऐकू येणारे कितीतरी खेळाडू तो सुरू ठेवून खेळतात आणि खेळ बुडालेला नाही. सगळ्यांना मिळतं त्याला फायदा म्हणत नाहीत, नियम म्हणतात. २०१९ साली फेझ क्लॅन या नामांकित संघाने इवोक या नावाने खेळणाऱ्या तेरा वर्षांच्या कर्णबधिर खेळाडूला फोर्टनाइटसाठी आपल्यात घेतलं. कौशल्य आधीपासून होतंच. ते दिसून यायला मैदान तसं असावं लागतं.

कर्णबधिरांच्या ऑलिंपिकला, डेफलिंपिक्सला, शंभर वर्षांचा इतिहास आहे. पहिली स्पर्धा १९२४ साली पॅरिसला झाली, शताब्दीची २०२५ च्या नोव्हेंबरात टोकियोला. तिथे शर्यत पिस्तुलाच्या आवाजावर सुटत नाही, दिव्यावर सुटते. उतरणाऱ्या प्रत्येकाला स्पर्धेपुरतं श्रवणयंत्र काढून ठेवावं लागतं, म्हणजे सगळे एका पातळीवर येतात. दिव्यावर धावणाऱ्याला कुणी सवलत मिळाली असं म्हणत नाही. पिस्तूल काय आणि दिवा काय, दोघांचं सांगणं एकच असतं, "पळा."

आता दुसरी भिंत, आणि माझ्या मते ती जास्त उंच आहे. पावलांचं चिन्ह काढणं हे प्रोग्रामरचं काम. संघातली बाकीची तीन माणसं एकमेकांशी बोलतात, त्याचं काय करायचं? अनोळखी लोकांशी जोडी लागली की भाच्याच्या स्क्रीनवर पहिल्या मिनिटात ओळ येते, "भाई माइक ऑन कर." तो लिहितो, "मी बधिर आहे, पिंग करा." कधी समोरचा करतो. बरेचदा शिवी येते, किंवा तो जमिनीवर पडलेला असताना कुणी उठवायलाच येत नाही. गेल्या हिवाळ्यात तर एका स्थानिक स्पर्धेने त्याच्या संघाची नोंदणीच परत पाठवली. नियम असा होता की चौघांचेही माइक चालू असले पाहिजेत. चौघांपैकी एकाला ऐकू येत नाही, आमचं खुणांवर आणि पिंगवर चालतं, असं त्याच्या मित्राने फोन करून समजावलं. नियम सगळ्यांना सारखा आहे, असं उत्तर मिळालं. त्या रात्री तो जेवला नाही. ताईने मला फोन केला आणि बराच वेळ काही बोललीच नाही.

पिंग म्हणजे काय, हे न खेळणाऱ्यांसाठी सांगते. समोरच्या जागेवर, शत्रूवर किंवा बंदुकीवर नेम धरून एक बटण दाबायचं, की ती खूण संघातल्या सगळ्यांच्या स्क्रीनवर उमटते. "इथे शत्रू आहे", "इकडे चला", "ही गोळी मला हवी." ४ फेब्रुवारी २०१९ ला आलेल्या एपेक्स लेजंड्सने ही युक्ती इतकी पूर्णत्वाला नेली की तोंडातून शब्द न काढता अख्खा सामना खेळता येतो, आणि लवकरच फोर्टनाइटनेही तिचं अनुकरण केलं. ती नुसती बधिरांसाठी केलेली नव्हती, आणि नेमकी हीच गोष्ट मला फार आवडते. शेजारच्या खोलीत बाळ झोपलेलं असतं, भाषा येत नसते, बोलताना जीभ अडखळते, अशा सगळ्यांच्या ती उपयोगी पडते. आणि मुलींच्या. माइकवर बाईचा आवाज ऐकू आला की काय ऐकून घ्यावं लागतं ते मी स्वतः भोगलं आहे. मी कित्येक वर्षं माइक बंद ठेवून खेळते. भाच्याला आणि मला जोडीने खेळता आलं ते या एका बटणामुळे.

बधिरांच्या कामाची युक्ती सगळ्यांची झाली, असं पूर्वीही घडलेलं आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये खेळाडू डोकी जुळवून गोल करून उभे राहतात ना, त्याची सुरुवात वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या बधिरांच्या महाविद्यालयात १८९० च्या दशकात झाल्याचं सांगतात. प्रतिस्पर्धी संघही बधिर असला की त्याला आपल्या खुणा दिसू नयेत म्हणून हा आडोसा. आज तो गोल त्या खेळाची ओळखच आहे.

एपेक्समध्ये आणखी एक सोय पहिल्या दिवसापासून होती. बोललेलं लेखी दिसायचं आणि लिहिलेलं बोलून दाखवलं जायचं. त्यामागे कायदा होता. अमेरिकेने २०१० साली संपर्कसाधनं अपंगांना वापरता यावीत असा कायदा केला. गेम कंपन्यांनी त्यातून वर्षानुवर्षं सूट मिळवली आणि ती सूट ३१ डिसेंबर २०१८ ला संपली. तेव्हापासून नव्या गेममधला संवाद बधिरांनाही वापरता येण्याजोगा हवा. २०२१ च्या सप्टेंबरात एक्सबॉक्सनेही मित्रांच्या गप्पा लेखी दाखवायला सुरुवात केली. पण हा कायदा फक्त संवादापुरता आहे. पावलांना तो लागू नाही. पावलं अजून कंपनीच्या मर्जीवर वाजतात.

आपल्याकडे या लेखी गप्पांची गाडी भाषेत अडते. आमच्या पोरांचं बोलणं बघा. "अरे डावीकडे, डावीकडे, छत पे है, कव्हर दे ना!" एका श्वासात तीन भाषा, त्यात ओरडणं, त्यात गोळीबार. इंग्रजी वाक्यांवर घडवलेल्या यंत्राने याचं काय करावं? गूगलने २०१७ सालीच मराठीत बोलून लिहिण्याची सोय दिली, म्हणजे मराठी यंत्राला कळतच नाही असं नाही. खेळातली सरमिसळ मराठी त्याला शिकवायला कुणी बसलं पाहिजे. शिवाय पुष्कळ कर्णबधिरांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते आणि लेखी मराठी-इंग्रजी ही नंतर शाळेत शिकलेली. झरझर सरकणाऱ्या ओळी वाचणं त्यांना आपल्याइतकं सोपं नसतं. फोर्झा होरायझन ५ ने २०२२ मध्ये कथेच्या प्रसंगांत अमेरिकी आणि ब्रिटिश सांकेतिक भाषेतले दुभाषे स्क्रीनवर आणले, तो व्हिडिओ भाच्याने मला तीनदा दाखवला. त्याला त्या दोन्ही भाषा येत नाहीत. तरी दाखवला.

२०११ च्या जनगणनेत देशात ५० लाखांहून जास्त लोकांनी ऐकू न येण्याची नोंद केली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं ४२ वं कलम इलेक्ट्रॉनिक माध्यमांत सांकेतिक भाषा आणि कॅप्शन असावेत असं सांगतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की सुगम्यतेचे नियम ऐच्छिक ठेवून भागणार नाही, ते बंधनकारक करा. एप्रिल २०२५ मध्ये याच न्यायालयाने डिजिटल सुविधांचा वापर हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला, त्याने पैसे लावून खेळायचे गेम बंद केले आणि ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान दिला. खेळ म्हणून मान मिळाला असेल तर खेळाचे नियमही खेळासारखे हवेत. माइकची सक्ती काढा. आवाज दाखवणारा पर्याय स्पर्धेत बंद करायला लावू नका. सामना सुरू होताना पंच जे तोंडाने सांगतो ते पडद्यावरही येऊ द्या. मोठ्या स्पर्धेत मंचावर दुभाषा उभा करा. यांतल्या पहिल्या तीन गोष्टींना एक रुपयाही लागत नाही.

हा लेख लिहितेय हे कळल्यावर भाच्याने मला त्याची जुनी पद्धत करून दाखवली. शाळेत असताना इमारतीतला एक मित्र हेडफोन लावून त्याच्या शेजारी बसायचा. डावीकडून पाऊल वाजलं की डाव्या गुडघ्यावर टिचकी, उजवीकडून वाजलं की उजव्या. वरच्या मजल्यावर असलं तर दोन टिचक्या. दोघे मिळून एकाच फोनवर खेळायचे आणि पुष्कळ सामने जिंकायचे. मित्र आता शिकायला बाहेरगावी आहे. काल संध्याकाळी भाच्याने माझ्या हातात हेडफोन दिले, मांडी घालून बसला, फोन सुरू केला आणि आपला गुडघा माझ्याकडे सरकवला.