वेळ काढून जिंकलेला सामना

शाळेच्या स्मरणिकेत खेळाविषयी लिहावयाचे म्हटले की कबड्डी, खो-खो आणि मैदानावरील शर्यती प्रथम डोळ्यांसमोर येतात. माकुणसारच्या परिसरात तसे होणे स्वाभाविकच आहे. तथापि आपले विद्यार्थी सुट्टीत घरी गेल्यावर, आणि आपले माजी विद्यार्थी बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतील पाळी संपवून खोलीवर परतल्यावर, जो सामना खेळतात तो पुष्कळदा मोबाइलच्या पडद्यावरचा असतो. त्यांतही फुटबॉलच्या ऑनलाइन खेळाचे आकर्षण मोठे आहे. समोरचा खेळाडू पालघरचा असेल, केरळचा असेल किंवा ब्राझीलचा. त्याचा चेहरा दिसत नाही, नाव खरे असतेच असे नाही, आणि सामना संपल्यावर तो पुन्हा भेटण्याची शक्यताही नसते. अशा प्रतिस्पर्ध्याशी आपली मुले कशी वागतात, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

अनेक पालक या खेळास ‘टाइमपास’ म्हणून बाजूला सारतात. आता तेवढ्याने भागणार नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सचा विषय क्रीडा मंत्रालयाकडे सोपविला. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे भरलेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ई-स्पोर्ट्ससाठी प्रथमच अधिकृत पदके दिली गेली आणि त्या प्रकारांत फुटबॉलचा व्हिडिओ गेमही होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. ई-स्पोर्ट्सला मात्र वेगळी मान्यता दिली. ज्या खेळाला पदक आहे आणि कायदाही आहे, त्या खेळाला आचारसंहिता का नसावी?

या खेळातील वादाचा मुख्य विषय आहे वेळकाढूपणा. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. ईफुटबॉल किंवा ईए स्पोर्ट्स एफसी यांसारख्या खेळांत नव्वद मिनिटांचा सामना दहा-बारा मिनिटांत, कधी त्याहूनही लवकर उरकतो. बारा मिनिटांचा सामना धरला तर हातातील घड्याळाचे एक मिनिट म्हणजे पडद्यावरील साडेसात मिनिटे होतात. सत्तराव्या मिनिटाला एक गोलने मागे असलेल्या मुलाच्या हाती प्रत्यक्षात उरलेली असतात केवळ दोन मिनिटे चाळीस सेकंद. त्या अवधीतील प्रत्येक सेकंद त्याच्यासाठी मोलाचा असतो.

आघाडीवर असलेला खेळाडू हे सेकंद तीन प्रकारे खातो. पहिला प्रकार म्हणजे चेंडू आपल्या बचावफळीत इकडून तिकडे फिरवत राहणे, गोलरक्षकाकडे परत देणे, कोपऱ्यातील निशाणापाशी नेऊन पाठ करून उभे राहणे. दुसरा प्रकार म्हणजे गोल झाल्यावर जल्लोषाची दृश्ये आणि रिप्ले शेवटपर्यंत चालू ठेवणे, वारंवार ‘पॉज’ करणे, खेळाडू बदलण्याच्या निमित्ताने सामना अडवून धरणे. या वेळी सामन्याचे घड्याळ बहुधा थांबलेले असते; खर्च होतो तो समोरच्या माणसाचा वेळ आणि त्याचा संयम. तो कंटाळून निघून गेला की विजय आयताच पदरात पडतो. तिसरा प्रकार हरणाऱ्याचा आहे: पराभव दिसू लागताच इंटरनेट बंद करून सामनाच मोडणे.

यावर मुलांचे उत्तर ठरलेले असते: “हे खेळात चालते, म्हणून आम्ही करतो.” हे उत्तर उडवून लावण्याजोगे नाही. आघाडी राखणे हेही कौशल्य आहे, आणि ते नाकारणे हा जिंकणाऱ्यावर अन्याय होईल. आपल्या मातीतील खो-खो पाहा. वरिष्ठ गटात नऊ मिनिटांच्या पाळीत पळतीचा खेळाडू जितका वेळ टिकेल तितके त्याचे यश मोठे. तो वेळच काढत असतो. पण खांबाला वळसा घालून, हुलकावणी देऊन, पाठलाग करणाऱ्यांना प्रत्येक क्षणी झडप घालण्याची संधी देऊन काढत असतो. त्याला कोणी वेळकाढू म्हणत नाही. प्रेक्षक टाळ्या वाजवतात.

आता कबड्डी पाहा. चढाईपटू प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात जातो, निदान रेषा ओलांडतो आणि कोणाच्या वाऱ्यालाही उभा न राहता परत फिरतो. आघाडीवर असलेल्या संघाने अशा रिकाम्या चढायांचा सपाटा लावला की सामन्यातील प्राण निघून जातो. म्हणूनच एका चढाईस तीस सेकंदांची मर्यादा आहे, आणि प्रो कबड्डीत लागोपाठ दोन चढाया गुणाविना गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो. नाहीतर चढाईपटू बाद होतो. एका खेळात वेळ काढणे गौरवाचे आणि दुसऱ्यात ते रोखण्यासाठी नियम, हा विरोधाभास केवळ वरवरचा आहे. दोन्हींत पाहायचे ते एकच: वेळ जात असताना प्रतिस्पर्ध्याला खेळण्याची संधी उरते की नाही?

हीच कसोटी मोबाइलवरील फुटबॉललाही लावावी, असे आमचे मत आहे. बचावफळीत चेंडू फिरवणाऱ्यावर समोरचा धावून जाऊ शकतो, चेंडू हिसकावू शकतो. असा खेळ कंटाळवाणा असेल, पण तो अप्रामाणिक नाही. आणि चेंडू हिसकावता आला नाही म्हणून त्याला ‘फसवणूक’ म्हणणे, शिवीगाळीचे संदेश पाठवणे, हाच खिलाडूवृत्तीचा अभाव होय. याउलट ‘पॉज’ करून बसलेल्या किंवा सामना तोडून निघून गेलेल्या खेळाडूसमोर प्रतिस्पर्धी काहीही करू शकत नाही. तो हजर असतो, तयार असतो, पण त्याला खेळू दिले जात नाही. येथे डावपेच संपतो आणि लबाडी सुरू होते.

खऱ्या फुटबॉललाही हा धडा ठेच लागूनच शिकावा लागला. २५ जून १९८२ रोजी स्पेनमधील खिखोन येथे विश्वचषकाच्या सामन्यात पश्चिम जर्मनीने ऑस्ट्रियाविरुद्ध सुरुवातीलाच गोल केला. त्याच निकालावर दोन्ही संघ पुढच्या फेरीत जात होते. मग उरलेला बहुतेक वेळ दोन्ही संघांनी चेंडू नुसता फिरवण्यात घालविला आणि आदल्याच दिवशी आपला सामना जिंकलेला अल्जीरिया स्पर्धेबाहेर फेकला गेला. एकाही लिखित नियमाचा भंग झाला नव्हता, म्हणून निकाल कायम राहिला. पुढील विश्वचषकापासून गटातील शेवटचे सामने एकाच वेळी खेळविले जाऊ लागले. १९९२ मध्ये सहकाऱ्याने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हाताने उचलण्यास बंदी आली. २०२५ मध्ये आणखी एक बदल झाला: गोलरक्षकाने आठ सेकंदांहून अधिक काळ चेंडू हातात धरून ठेवल्यास प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळू लागला. प्रत्येक वेळी लबाडी पुढे होती आणि नियम मागून धावत आला.

म्हणूनच केवळ नियमांवर विसंबून चालत नाही. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत घटनेचा मसुदा मांडताना संवैधानिक नैतिकतेचा विचार सांगितला. ही नैतिकता माणसात उपजत नसते, ती प्रयत्नाने रुजवावी लागते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. कलमे कितीही काळजीपूर्वक लिहिली तरी ती राबविणाऱ्याची दानत महत्त्वाची असते. खेळाचेही तसेच आहे. आपल्या शाळेत दररोज म्हटल्या जाणाऱ्या पंचशीलातील दुसरे शील न दिलेले न घेण्याविषयी आहे. ते आपण सहसा वस्तूंच्या चोरीपुरते समजतो. पण समोरच्या माणसाने सामन्यासाठी म्हणून दिलेला वेळ सामना न खेळताच खर्च करणे, हेही न दिलेले घेणेच नव्हे काय?

आपल्या समाजाला तर वेळकाढूपणाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा ठराव संमत झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे कागदावर मान्य केले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लोक प्रत्यक्ष पाणी प्याले. त्यानंतर ठराव मागे घेतला गेला, दावा दाखल झाला, मनाईहुकूम आला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत मार्च १९३७ उजाडला. ज्यांच्या ताब्यात तळे होते त्यांना काही सिद्ध करावयाचे नव्हते. केवळ दिवस ढकलावयाचे होते. आजही वर्ष संपल्यावर हाती पडणारी शिष्यवृत्ती आणि प्रवेशाची मुदत टळल्यावर मिळणारा दाखला यांचा अनुभव आपल्या कित्येक घरांना आहे. घड्याळ नेहमी पुढे असलेल्याच्या बाजूने चालते. मागून येणाऱ्याला उरलेला वेळ हेच त्याचे सारे भांडवल असते. ज्यांच्या आजोबा-पणजोबांचा सामना असा अडवून धरला गेला, त्यांच्या मुलांनी खेळातसुद्धा कोणाचा सामना अडवून धरू नये, एवढी अपेक्षा आम्ही ठेवली तर ती अवाजवी ठरू नये.

महाडचा लढा आणि मोबाइलवरचा खेळ एका तराजूत तोलावे असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. पण सवयी लहान गोष्टींतूनच लागतात. अनोळखी माणसाचा वेळ फुकटचा आहे, असे बाराव्या वर्षी शिकलेला मुलगा उद्या एखाद्या कचेरीत टेबलामागे बसेल, तेव्हा समोर रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा वेळ त्याला मौल्यवान वाटेल, याची खात्री कोण देईल?

याच संदर्भात आपल्या भागातील एक अडचण नोंदवणे आवश्यक आहे. आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते, रेंज जाते, लोकलमध्ये दोन स्थानकांच्या दरम्यान जोडणी तुटते. घरात एकच फोन असेल तर नेमक्या सामन्याच्या वेळी वडिलांना कामावरून फोन येतो. अशा वेळी मोडलेला सामना हा पळपुटेपणा नसतो. पण दूर बसलेल्या प्रतिस्पर्ध्याला ते कसे कळावे? त्याच न्यायाने, आपल्यासमोरून अचानक नाहीसा झालेला खेळाडूही लबाडच असेल असे नाही. त्याच्या गावातही वीज गेलेली असू शकते. खात्री नसताना दुसऱ्याच्या हेतूवर दोष न लादणे, हा खिलाडूवृत्तीचा तितकाच मोठा भाग आहे आणि तो शिकवणे अधिक कठीण आहे.

पालकांना आमची विनंती अशी की, मुलाच्या हातातील फोन किती वेळ चालू आहे एवढेच पाहू नका; कधी शेजारी बसून तो कसा खेळतो हेही पाहा. ‘जिंकलास का?’ या प्रश्नाबरोबर ‘सामना पूर्ण झाला का?’ हाही प्रश्न विचारा. माजी विद्यार्थ्यांना सुचवावेसे वाटते की, आपल्या मेळाव्यात कबड्डीच्या सामन्यांसोबत मोबाइल फुटबॉलची एक छोटी स्पर्धा अवश्य ठेवावी आणि तिचे नियम धाकट्या मुलांकडूनच लिहवून घ्यावेत. आपापसांत खेळताना ‘पॉज’ किती वेळा चालेल, रिप्ले पाहावयाचे की वगळावयाचे, वीज गेली तर सामना पुन्हा कोठून सुरू करावयाचा, गटातील शेवटचे सामने एकाच वेळी का खेळवावयाचे, हे त्यांनीच ठरवावे. जो नियम आपण स्वतः विचार करून लिहिला, तो मोडताना हात अडखळतो.

आपल्या शाळेच्या मैदानावर कबड्डीचा सामना संपला की दोन्ही संघ मध्यरेषेवर येऊन हात मिळवतात. पडद्यावर ती मध्यरेषा दिसत नाही आणि समोरचा हातही दिसत नाही. तेथे प्रतिस्पर्ध्याला देता येण्यासारखी एकच गोष्ट आपल्यापाशी असते: शेवटच्या शिटीपर्यंतचा पूर्ण सामना. तो त्याला द्यावा, मग निकाल काहीही लागो.