पटावरचें एक नांव

शाळेचा पट ही दिसावयास अगदीं साधी वस्तु आहे. रेघा आंखलेल्या कागदावर मुलांचीं नांवें आणि त्यांपुढें हजेरीच्या खुणा, एवढेंच काय तें तींत असतें. परंतु ज्या खेड्यांत एकच शाळा आहे त्या खेड्याचें पुढील भवितव्य ह्या कागदावर जितकें स्पष्ट वाचतां येतें, तितकें दुसऱ्या कोणत्याहि दप्तरांत वाचतां येत नाहीं. आज महाराष्ट्रांतील हजारों खेड्यांत हा पट आखूड होत चालला आहे. त्याकडे आमच्या विद्यार्थ्यांचें व त्यांच्या पालकांचें लक्ष वेधावें, ह्या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

जिल्हा परिषदेच्या शाळांची चिंता मिशन हायस्कुलाच्या वार्षिकांत कशास, अशी शंका कोणास येईल. तिचें उत्तर सोपें आहे. वडकी, खैरी, झाडगांव, वाढोणा बाजार ह्या बाजूंकडून राळेगांवास शिकावयास येणाऱ्या मुलांपैकीं कितीतरी जणांनीं आपलें पहिलें अक्षर गांवच्या प्राथमिक शाळेंत गिरविलेलें असतें. विहिरीचें पाणी भोंवतालच्या झऱ्यांतून येतें. झरे आटूं लागले असतां विहिरीच्या मालकानें स्वस्थ बसणें शहाणपणाचें नव्हे. शिवाय, शिक्षण हें सर्वांच्या लेंकरांसाठीं आहे असें मानणाऱ्या संस्थेस शेजारच्या शाळेचा ऱ्हास परका वाटूं नये.

आतां वस्तुस्थिति पाहूं. इ. स. १९६२ च्या मे महिन्याच्या १ तारखेस महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा अस्तित्वांत आल्या व खेड्यापाड्यांतील प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्या हातीं आला. पुढें इ. स. २००९ चा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि आमच्या राज्याच्या नियमांप्रमाणें पहिली ते पांचवीच्या मुलास घरापासून एका किलोमीटरच्या आंत शाळा असावी असें ठरलें. परंतु डिसेंबर २०१७ मध्यें दहाहून कमी पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करून तेथील मुलें जवळच्या शाळांत पाठविण्याचा निर्णय जाहीर झाला. सप्टेंबर २०२३ मध्यें वीसपर्यंत पट असलेल्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढण्याविषयीं शिक्षण खात्यानें जिल्ह्याजिल्ह्यांतून प्रस्ताव मागविले. अशा शाळांची संख्या त्या वेळीं १४,७८३ व त्यांतील मुलांची संख्या १,८५,४६७ सांगण्यांत आली. म्हणजे सरासरीनें एका शाळेंत बारा-तेरा मुलें!

हें असें कां झालें? घरोघरीं मुलांची संख्या पूर्वीपेक्षां कमी झाली आहे. पोटासाठीं कुटुंबें शहरांकडे जात आहेत. आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या पिवळ्या मोटारी आतां गांवच्या पारापर्यंत येऊन उभ्या राहतात. ह्यांपैकीं पहिल्या दोन कारणांवर कोणाचा फारसा इलाज नाहीं. तिसऱ्याचा मात्र विचार केला पाहिजे.

जो बाप आपल्या लेंकरासाठीं चांगली शाळा शोधतो त्यास आम्ही दोष देत नाहीं. एक शिक्षक चार-पांच वर्ग सांभाळीत आहे, मध्येंच त्यास निवडणुकीच्या नाहीं तर जनगणनेच्या कामास जावें लागत आहे, पावसाळ्यांत छत गळत आहे, असें जो डोळ्यांनीं पाहतो त्याच्या मनांत शंका आल्यावांचून कशी राहील? परंतु गांवांतून प्रथम कोणतें घर आपलें मूल काढून नेतें तें पहा. ज्या घरीं दोन पैसे आहेत, ज्या घरचा कर्ता माणूस ग्रामसभेंत उभा राहून बोलूं शकतो आणि पंचायत समितीच्या कचेरींत जाऊन जाब विचारूं शकतो, तेंच घर प्रथम बाहेर पडतें. मागें राहतात तीं मजुरांचीं, कोलामांच्या पोडावरचीं, पारध्यांच्या बेड्यावरचीं मुलें. शिक्षकाची जागा रिकामी राहिली तर त्यांच्या आईबापांनीं तालुक्यास यावें कसें? आले तर दिवसाची मजुरी बुडते, आणि कोणत्या टेबलापाशीं उभें राहावें हें त्यांस कोणीं सांगितलेलें नसतें. अशा रीतीनें शाळेंतून एक मूल जातें तेव्हां पटावरील एक नांव तर कमी होतेंच, पण त्या शाळेची बाजू मांडणारें एक तोंडहि कमी होतें. मग दुरुस्ती लांबते, शिक्षक मिळत नाहीं, आणि ‘ही शाळा चांगली नाहीं’ हें म्हणणें हळूहळू खरें ठरूं लागतें. शाळा बंद करण्याचा हुकूम पुष्कळ मागाहून येतो. गांवानें पाठ फिरविली त्या दिवशींच ती बंद होऊं लागलेली असते.

ह्यावर कोणी म्हणेल, “आठ-दहा मुलांची शाळा ती कसली शाळा? मुलांस सोबती नाहींत, खेळ नाहीं, वाचनालय नाहीं. त्यापेक्षां चार गांवांची मिळून एक मोठी शाळा बरी.” ह्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. थोराड मुलांस मोठ्या शाळेचा लाभ होतो, हें आम्हांस अनुभवानें ठाऊक आहे. परंतु सहा वर्षांच्या मुलाची गोष्ट निराळी आहे. आमच्या मुलखांत पावसाळ्यांत नाले भरून वाहतात व रस्ता तासचे तास बंद पडतो. रानाची भीति तर आम्हांस कोणीं शिकवावयास नको. राळेगांव-पांढरकवडा परिसरांत एका वाघिणीची दोन वर्षें दहशत होती आणि तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिजवर ठेवण्यांत आला होता. ती २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्रीं बोराटीच्या रानांत मारली गेली. ज्या दिवसांत मोठीं माणसें एकटीं शेतावर जाण्यास धजत नव्हतीं, त्या दिवसांत कोणती आई आपल्या पहिलींतल्या मुलीस रानवाटेनें दूरच्या शाळेंत पाठविती? मोटार देऊं म्हणून आश्वासन मिळतें. परंतु जेथें मोटार बंद पडते तेथें प्रथम मुलीचें शिक्षण बंद पडतें.

जवळच्या शाळेचा आणखी एक गुण आहे, तो नकाशावर मोजतां येत नाहीं. दिवाळीच्या सुमारास पऱ्हाटी फुटली कीं आई वेचणीस जाते आणि मोठी बहीण धाकट्यास सांभाळण्यासाठीं घरीं राहते. शाळा गांवांतच असेल तर गुरुजी किंवा बाई मधल्या सुटींत त्या घरीं जातात आणि “धाकट्यास घेऊनच ये, पण ये,” असें सांगून मुलीस घेऊन येतात. शाळा पांच मैलांवर असेल तर तिच्या नांवापुढें गैरहजेरीची खूण पडते, आणि तशा पुष्कळ खुणा झाल्यावर तें नांव पटावरून निघून जातें. शंभर मेंढरांतील एक हरवलें तेव्हां नव्याण्णव सोडून त्या एकाच्या शोधास निघालेल्या मेंढपाळाचा दृष्टान्त आमच्या मुलांस ठाऊक आहे. त्या मेंढपाळास हिशेब येत नव्हता असें नाहीं. कोणतें मेंढरूं कोठें चुकतें हें त्याला ठाऊक होतें, कारण तो कळपाजवळ राहत होता.

पट मिळविण्याचें काम आजच कठीण झालें आहे असेंहि कोणी समजूं नये. अमेरिकन मिशननें इ. स. १८२४ मध्यें मुंबईस मुलींची शाळा काढली, जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनीं इ. स. १८४८ मध्यें पुण्यास भिडे वाड्यांत शाळा घातली, तेव्हां मुली आपण होऊन दारांत येऊन उभ्या राहिल्या नव्हत्या. घरोघर जाऊन समजूत घालावी लागली. इ. स. १८८२ मध्यें हंटर कमिशनपुढें जोतीरावांनीं बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी केली. नामदार गोखल्यांनीं इ. स. १९११ मध्यें त्याच हेतूनें विधेयक मांडलें. पुढल्या वर्षीं तें १३ विरुद्ध ३८ मतांनीं नामंजूर झालें. शाहू छत्रपतींनीं इ. स. १९१७ मध्यें कोल्हापूर संस्थानांत हें शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. इ. स. १९१९ मध्यें रयत शिक्षण संस्था काढणारे भाऊराव पाटील ह्यांच्या वसतिगृहांतील मुलांच्या अन्नासाठीं लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने, शेवटीं मंगळसूत्रहि दिलें. जी गोष्ट आमच्या वाडवडिलांनीं इतक्या कष्टानें मिळविली, ती आमच्या पिढीनें नुसत्या दुर्लक्षानें घालवावी काय?

गेलेला पट परत येतो, ह्याचें उदाहरण आमच्याच राज्यांत आहे. पुणें जिल्ह्यांत खेड तालुक्यांतील जालिंदरनगर येथील जिल्हा परिषदेच्या शाळेंत इ. स. २०२२ मध्यें अवघीं तीन मुलें उरलीं होतीं. शिक्षकांनीं मन घातलें, गांवकऱ्यांनीं हातभार लावला, मोठ्या मुलांनीं लहानांस शिकवावें अशी पद्धति पाडली. आणि तीन वर्षांत पट शंभरावर गेला. इ. स. २०२५ मध्यें जगांतील उत्तम शाळांच्या स्पर्धेंत ह्या शाळेस लोकपसंतीचें पारितोषिक मिळालें. पट वाढविण्याचा दुसराहि एक मार्ग आमच्या राज्यानें पाहिला आहे. ऑक्टोबर २०११ मध्यें ३ ते ५ तारखांस सर्व शाळांची पटपडताळणी झाली, तेव्हां लाखों नांवें केवळ कागदावरचीं निघालीं. खोट्या नांवांनीं शाळा जगत नाहीं; पट वाढवावयाचा तो खऱ्या मुलांनींच.

आतां पालकांस आमची विनंति. आपलीं धाकटीं मुलें अजून गांवीं असतील तर पहिल्या चार-पांच इयत्ता त्यांस गांवच्या शाळेंतच, आपल्या भाषेंत शिकूं द्यावें; इंग्रजीचा पाया त्यामुळें कच्चा राहील ही भीति बाळगूं नये. ज्यास ज्या भाषेंत प्रश्न विचारतां येतो त्यास त्या भाषेंत विषय आधीं समजतो, आणि समजलेला विषय पुढें दुसऱ्या भाषेंत नेतां येतो. आपलीं मुलें त्या शाळेंत नसलीं तरी शाळा आपली आहे. कायद्यानें प्रत्येक शाळेस शाळा व्यवस्थापन समिति दिली आहे. तिचे तीनचतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या सभासद स्त्रिया असाव्यात असा नियम आहे. ही समिति सहीपुरती राहूं नये. तींत मजूर आईबाप असतील तर त्यांच्याबरोबर शिकलेल्या शेजाऱ्यानें कचेरीपर्यंत चालत जावें. लोकवर्गणीनें कुंपण होईल, पाण्याची टाकी होईल, पुस्तकें येतील. तें अवश्य करावें. मात्र शिक्षक नेमणें व इमारत नीट राखणें हें सरकारचें कर्तव्य आहे, आणि आपण दिलेल्या वर्गणीमुळें तें कर्तव्य माफ होतें असें कोणासहि समजूं देऊं नये.

विद्यार्थि-मित्रांनो, तुम्हांसहि एक काम सांगतों. ज्या शाळेनें तुम्हांस पाटीवर श्रीगणेशा शिकविला तिची वाट विसरूं नका. सुटींत गांवीं जाल तेव्हां एक दिवस तेथें जा. लहान मुलांस गोष्ट वाचून दाखवा, पाढे म्हणवून घ्या, आपलीं वापरून झालेलीं पुस्तकें ठेवून या. पोडावरच्या मुलीनें आपल्याच गांवची मुलगी दहावीपर्यंत गेलेली पाहिली म्हणजे तिलाहि तेथवर जावेंसें वाटतें. असा धडा कोणत्याहि क्रमिक पुस्तकांत नाहीं.

विदर्भांत उन्हामुळें शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्या दिवसांत खेड्यांतील शिक्षक पट हातीं घेऊन दारोदार फिरत असतो. तो दारीं आला तर त्यास बसावयास घोंगडी घालावी, त्याच्याबरोबर शेजारच्या घरापर्यंत जावें, आणि अद्याप शाळेंत न गेलेल्या मुलाचें नांव सांगावें. वीस नांवांच्या पटांत एकविसावें नांव पडलें तर त्या गांवची शाळा कदाचित् त्यामुळेंच राहील. तें एक नांव मिळवून देण्याची बुद्धि व शक्ति परमेश्वर आम्हां सर्वांस देवो.